मागचे पंधरा दिवस

जव्हारला खोली भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं गाव, पगार, लग्न यांपैकी काहीही विचारलं नाही. त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला आणि म्हणाले, "मागचे पंधरा दिवस कुठे कुठे झोपलात?" मला वाटलं, माणूस चारित्र्याची चौकशी करतोय. मी जरा घुश्शातच सांगितलं की चार दिवस गावी, एक रात्र एसटीत आणि बाकीचे जामसरला, मी शिकवतो त्या शाळेच्या वर्गात. ते सगळं त्यांनी एका लांबट वहीत उतरवून घेतलं आणि जामसरला मच्छरदाणी होती का ते विचारलं. नव्हती. त्यांचा चेहरा पडला. खोली मिळाली, पण पुढचे दहा-बारा दिवस ते रोज सकाळी दारात यायचे आणि चहा झाला का विचारावं तसं ताप आला का विचारायचे.

हे काका हिवताप खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पायी फिरण्यात गेली. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि घराच्या भिंतीवर गेरूनं तारीख टाकून पुढच्या घराकडे वळायचं. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पण तारीख टाकायची सवय सुटली नाही. दर शनिवारी ते घरातली सगळी भांडी पालथी घालत, माठसुद्धा, आणि मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहीत. काकूंनी ती भिंत दिवाळीला रंगवली की सोमवारपर्यंत त्यावर पुन्हा तारीख असायची. गावात सगळे त्यांना मलेरियाकाका म्हणत, तोंडावर नुसतं काका.

काळजी करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, तो त्यांचा धंदा होता, आणि तो ते पेन्शनीतही तितक्याच नेकीनं करत. मी देशावरचा माणूस, मला या सगळ्याची गंमत वाटायची आणि कंटाळाही यायचा. खरं सांगायचं तर कंटाळा जास्त.

अशा घरात संगणक आला. काकांची मुलगी वैशाली भूगोलात एम.ए. करत होती. मोखाडा तालुक्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, कोणकोणती वाणं पेरतात, कोणती पेरायची बंद झाली, यावर ती लघुप्रबंध लिहीत होती. दोन वर्षं ती पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्या बायांकडे जाऊन बसली होती आणि तिच्या सात वह्या भरल्या होत्या. आता ते टाइप करायचं होतं. नाशिकहून जीपमधून संगणक आणला तेव्हा त्याचा पडदा काकांनी स्वतः मांडीवर घेतला होता. घरी आल्यावर सगळ्या वायरी जोडून झाल्या, वैशालीनं बटणाकडे हात नेला, आणि काकांनी तो अडवला. आधी औषध, मग माणूस, असं त्यांचं म्हणणं पडलं.

संगणकाला व्हायरस लागतो हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तेवढं त्यांना पुरलं. पुढचे तीन आठवडे नवाकोरा संगणक चादरीखाली झाकलेला आणि काका अँटिव्हायरस निवडताहेत, असं चाललं. मी सरकारी परीक्षेपुरता संगणकाचा कोर्स केला होता, म्हणून ते मलाच गाठत. मी शाळेतून आलो, चपला काढल्या, की वही घेऊन हजर. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रकाने आखले होते. नाशिकच्या दुकानातून पाच कंपन्यांची माहितीपत्रकं आणली होती आणि संगणकाच्या मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीड्या एका दोऱ्यात ओवून खिळ्याला लावल्या होत्या.

त्यांचे प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नसायचे. नवा व्हायरस आला की त्याच्यावरचं औषध किती दिवसांत येतं? कारण डास जुन्या औषधाला सरावतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते औषध फोनच्या तारेतूनच येणार असेल तर पावसाळ्यात जव्हारचा फोन आठ-आठ दिवस मेलेला असतो, तेव्हा काय करायचं? सीडीवर मिळतं का? आणि रोग सापडला तर हे औषध नुसता रोग मारतं की फाइलही मारतं? हा शेवटचा प्रश्न त्यांनी दुकानदाराला फोनवर चार वेळा विचारला. चौथ्यांदा तो म्हणाला की काका, तुम्हीच एक कंपनी काढा.

सगळ्यात जास्त धसका त्यांनी स्पायवेअरचा घेतला. व्हायरस निदान काहीतरी बिघडवतो, माणसाला कळतं. हा मात्र काहीच करत नाही, गप घरात बसतो आणि घरातलं बाहेर पोचवतो, असं मी त्यांना समजावलं होतं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ताप नसलेला रोगी. तो सगळ्यात वाईट, गुरुजी. त्याला स्वतःलाच माहीत नसतं." त्यासाठी त्यांनी वेगळा छोटा प्रोग्रॅम घेतला आणि तो दर शनिवारी, भांडी पालथी घातल्यावर, चालवायचा असं ठरवलं.

आणि इतका अभ्यास करून त्यांनी घोळ घातलाच. मलेरियाच्या रोग्याला दोन गोळ्या देतात, एक रक्तातल्या जंतूला आणि एक यकृतात दडून बसलेल्याला. काकांनी सगळं आयुष्य त्या दोन गोळ्या जोडीनं दिल्या होत्या. मग संगणकालाच एक औषध का? त्यांनी एक देशी आणि एक परदेशी असे दोन अँटिव्हायरस एकाच दिवशी टाकले. संगणक सुरू व्हायला अर्धा तास घेऊ लागला. देशी प्रोग्रॅमला परदेशी प्रोग्रॅम हाच रोग वाटायचा, परदेशीला देशी. दोघं एकमेकांच्या नावानं पडद्यावर लाल पाट्या लावत आणि काका दोन्ही पाट्या वहीत उतरवून घेत. संगणकाच्या डब्याला हात लावून ते म्हणायचे, तापलाय. तापला होताच.

दुकानदार म्हणाला, एकच ठेवा. तेव्हा कोणता काढायचा यावर त्यांचे सहा दिवस गेले. जेवता जेवता घास हातात धरून बसायचे. ज्याला काढीन तोच खरा असला तर, हा एकच विचार. काकू एरवी कधी मध्ये पडत नसत, पण त्याही म्हणाल्या, "अहो, पोरीचं लग्न जमवताना एवढा विचार करू नका म्हणजे झालं." शेवटी त्यांनी रोग सापडला की आधी विचारणारा, मग मारणारा असा प्रोग्रॅम ठेवला. त्याच्यापेक्षा जास्त रोग ओळखणारा दुसरा होता, पण तो न विचारता फाइल पुसून टाकायचा. न विचारता काही करणाऱ्यावर काकांचा विश्वास नव्हता.

मग घराला नियम लागले. बाहेरून आलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह आधी काकूंच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात जायचा. काका मालकाला समोर बसवत आणि विचारत, मागचे पंधरा दिवस हा कुठे कुठे लावला? सगळी उत्तरं वहीत जायची. मग तपासणी, मग संगणकाशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख. तहसील कचेरीतले एक भाऊसाहेब लेकीच्या लग्नाचे फोटो दाखवायला मोठ्या कौतुकानं सीडी घेऊन आले होते. ती डब्यात गेलेली पाहून ते चहा न घेताच उठले. मला वाईट वाटलं नाही, कारण तोवर मीच या डब्याला वैतागलो होतो. माझ्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका मी काकांच्या प्रिंटरवर छापायचो, आणि दोन पानं छापायला तासभर जबानी द्यावी लागायची.

आता मी जे केलं ते सांगतो.

वैशालीनं तिसरं आणि चौथं प्रकरण पुरं केलं होतं. पहिली दोन छापून तिच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेली होती, पुढची दोन फक्त संगणकात होती. मी मराठी शिकवतो, म्हणून भाषा तपासून द्या सर, असं म्हणून तिनं ती दोन प्रकरणं माझ्या पेनड्राइव्हवर घालून दिली. पुढच्याच आठवड्यात खोडाळ्याच्या एका शाळेत आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मला पडद्यावर वाचता येत नाही, डोळे चुरचुरतात. म्हणून तिथल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावून मी दोन्ही प्रकरणं छापून घेतली. वाचू म्हणून तो गठ्ठा टेबलावर ठेवला, मग गप्पा, मग जेवण, आणि दुसऱ्या दिवशी शेवटची एसटी पकडायच्या घाईत गठ्ठा तिथंच राहिला. एक पानसुद्धा वाचलं नव्हतं. घरी आल्यावर वैशालीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, छान लिहिलंयस. काकांनी विचारलं, पेनड्राइव्ह खोडाळ्याला नेला होता का? मी म्हणालो, छे, नुसती प्रशिक्षणाच्या कागदांची फाइल नेली होती. डबा आणि जबानी चुकवायला एवढंसं खोटं बोललो. त्या घटकेला ते मला काहीच वाटलं नाही.

दोन दिवसांनी काका बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. मला प्रश्नपत्रिका छापायची होती आणि जामसरची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी सरळ पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर लाल पाटी आली. काकांनी निवडलेला प्रोग्रॅम आपल्या स्वभावाप्रमाणे मला विचारत होता की काय करू. मी त्याला जाऊ दे म्हणून सांगितलं, पानं छापली, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि गाडी पकडली. गाडीत जागासुद्धा मिळाली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, वैशालीची हाक ऐकू आली. हाक वडिलांना होती. मी गेलो तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली होती आणि काका तिच्या मागे उभे होते. फाइली होत्या, त्यांची नावं होती, पण उघडलं की आत नुसते चौकोन. तिसरं प्रकरण उघडलं, चौकोन. चौथं उघडलं, चौकोन. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. नाही दिला तर वर्ष गेलं, आणि गेल्या वर्षी आजारपणात तिचं एक वर्ष आधीच गेलेलं होतं.

"सर, तुमच्याकडे कॉपी आहे ना?" ती म्हणाली.

मी खोलीवरून पेनड्राइव्ह आणला आणि काहीच माहीत नसल्यासारखा लावून दाखवला. जामसरच्या शाळेतल्या संगणकावर मी तेच चौकोन आदल्या दिवशी पाहिले होते. मी म्हणालो, पेनड्राइव्हवरही तसंच झालंय. आणि काकांनी माझ्याकडे पाहिलं म्हणून पुढे म्हणालो, बहुतेक इथूनच लागलं असेल.

हे वाक्य मी बोललो. काकांनी मान खाली घातली आणि ते मान्य केलं.

नाशिकचा एक माणूस असल्या फाइली परत मिळवून देतो असं दुकानदार म्हणाला होता. त्याला फोन झाला, त्यानं शनिवारी संध्याकाळी सांगतो म्हटलं. मी त्या माणसाला देव मानून बसलो. तो फाइली काढून देईल, प्रकरण मिटेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. खोडाळ्याचा गठ्ठा माझ्या डोक्यात होता, सतत होता. पण तो आणायचा म्हणजे मी तिथं छापला हे सांगायचं, छापला म्हणजे पेनड्राइव्ह नेला होता, आणि मग सगळीच माळ ओढली जाणार. मी स्वतःला समजावलं की कागद कुठे पळून जात नाहीत. शनिवारी शाळेत पोरांना कविता म्हणायला लावून मी खिडकीतून रस्त्याकडे बघत बसलो होतो, आणि एसटी दिसली की तिची पाटी वाचायचो.

इकडे काकांनी अंथरूण धरलं नाही एवढंच. कॅलेंडरच्या पाठीवरचे ते रकाने त्यांनी पुन्हा काढले आणि कुठं चुकलं ते शोधत बसले. दुसरा प्रोग्रॅम ठेवला असता तर. अद्ययावत करायची सीडी दोन दिवस उशिरा आली होती, ती आधी आणली असती तर. गुरुवारी बँकेत गेलो नसतो तर. दिवसभर ते संगणकापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत, आणि मी दिसलो की म्हणत, "औषध चुकलं माझं, गुरुजी." काकूंनी ताट वाढलं तर हात धुऊन येतो म्हणून गेले ते परसात जाऊन उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तरी मी गप्प बसलो.

शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या माणसाचा फोन आला. होणार नाही म्हणाला. वैशालीनं फोन ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी काका ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. मनात चोर होता, म्हणून चाचपून पाहावं तसं विचारलं की तुम्ही कोणाला विचारलं का नाहीत, बाहेरचं कोणी काही लावलं का म्हणून. ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

"मोखाड्याच्या बाजूला एक पाडा होता. आम्ही भिंतीवर फवारणी केली की बाया चार दिवसांत सारवून टाकायच्या. वास यायचा त्यांना. मी नवा होतो, अंगात रग. एका बाईला सगळ्या पाड्यासमोर झाडली. तुझ्या घरातून ताप गावात जातो म्हटलं. नाव लिहून घेतलं, साहेबाला देतो म्हटलं. पुढच्या फेरीला गेलो तर बाई दारातच उभी. 'आमचे घरा कोणला ताप नाय, साहेब,' म्हणाली. मी आत बघितलं नाय. राग होता ना मला. तारीख टाकली आणि पुढे गेलो. त्याच्या पुढच्या फेरीला गेलो, तर तिचा लहान पोर नव्हता."

त्यांनी ओट्यावर बोटानं, तारीख टाकावी तशी, एक रेघ ओढली.

"तेव्हापासून कोणी आणला ते मी विचारत नाय, गुरुजी. कुठे गेला होतास, एवढंच विचारतो. माणूस भ्याला की ताप लपवतो."

त्यांना माझा संशय होता का, हे मला आजही माहीत नाही. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला वाटतं, नव्हता. ते स्वतःच्याच घोरात होते. पण त्या दुपारी मी म्हणालो, "काका, पेनड्राइव्ह मी खोडाळ्याला नेला होता. गुरुवारी तुम्ही नसताना मीच लावला. पाटी आली होती, मी जाऊ दे म्हटलं."

मी अंग चोरून बसलो. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा चेहरा सैल झाला. औषध चुकलं नव्हतं. पण ते तसं काही म्हणाले नाहीत. वही मागवली, चष्मा लावला आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मागचे पंधरा दिवस सांगा. कुठे कुठे लावला? घाई नाय, आठवून सांगा." मी सांगत गेलो. खोडाळ्याची शाळा. गांधी चौकाजवळचं झेरॉक्सचं दुकान. जामसरला आमच्या शाळेतला संगणक. प्रत्येक ठिकाणी काय केलं तेही त्यांनी विचारलं, आणि खोडाळ्याला आलो तेव्हा मला ते सांगावंच लागलं.

"छापलंत?" काका उठून उभे राहिले. "कागदावर? दोन्ही प्रकरणं?"

त्या दिवशी तिकडे जाणारी गाडी उरली नव्हती. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. वैशालीला त्यांनी नुसतं खोडाळ्याला जाऊन येतो एवढंच सांगितलं, बाकीचं तुम्ही सांगा म्हणाले. पिशवीत औषधाची सीडी होती, कारण जिथून ताप आला ते घरही बरं करायला हवं होतं. वाटेत झेरॉक्सवाल्याला उठवून त्यांनी त्याच्याही मशीनवर तपासणी करायला लावली. मोखाड्याच्या पुढे घाटात गाडी हळू झाली की मी पायानं फळी दाबत होतो, जणू त्यानं गाडी पळणार होती. काका खिडकीतून एकेक पाडा ओळखत होते आणि मधूनच म्हणत होते, कागद आहे, कागदाला काय होतंय.

शाळेत काका संगणकापाशी बसले आणि मी प्रशिक्षणाच्या खोलीत गेलो. टेबल रिकामं होतं. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, अहो, तो गठ्ठा कोणाचा कळेना. वरची अर्धी पानं मी कपाटात ठेवलीत, खालची शनिवारी चित्रकलेच्या तासाला पाचवीच्या मुलांना दिली. मागची बाजू कोरी होती ना. "शुक्रवारपर्यंत सगळं इथंच होतं, सर. एक फोन केला असतात तरी चाललं असतं."

कपाटात तिसरं प्रकरण अख्खं निघालं. चौथं खालचं, ते चित्रांत गेलं होतं. चार चित्रं वर्गाच्या भिंतीवर लावली होती, बाकीची मुलं घरी घेऊन गेली होती. बाईंनी वर्गात विचारलं. एकाच्या आईनं चूल पेटवली होती, एकीनं कागदाची होडी करून ओहोळात सोडली होती, दोघांनी दप्तरातून घड्या घातलेली पानं काढून दिली. काका भिंतीपाशी गेले आणि चारही चित्रं खाली काढायच्या आधी ज्याचं त्याला विचारून घेतलं. एका मुलीनं आपलं चित्र द्यायला नाही म्हटलं. तिनं बैल काढला होता. काका तिच्या बाकावर अवघडून बसले आणि त्या बैलाच्या मागचा सगळा मजकूर आपल्या वहीत हातानं उतरवून घेतला. चौथ्या प्रकरणाच्या तेवीस पानांतली, बैलामागचं धरून, सहा मिळाली.

परतीच्या गाडीत काका सगळी पानं मांडीवर धरून बसले. त्यापेक्षा त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. शुक्रवारी सकाळी मी तोंड उघडलं असतं तर तेवीसच्या तेवीस पानं दुपारपर्यंत वैशालीच्या हातात असती. हा हिशेब मला कोणी मांडून दाखवायची गरज नव्हती.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वैशाली संगणकापाशीच बसलेली होती. मी तिच्यापुढे तिसरं प्रकरण ठेवलं, त्यावर चौथ्याची पाच पानं आणि काकांनी उतरवलेलं वहीचं पान ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खोटं बोललो ते, पाटीला जाऊ दे म्हटलं ते, आणि तीन दिवस गप्प बसलो ते. काका दारात उभे होते. वैशाली पानं लावत राहिली. एका पानाच्या मागे कोणीतरी जांभळा सूर्य काढला होता, त्यावरून तिनं बोट फिरवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"सतरा पानं गेली," ती म्हणाली. "वह्या आहेत, पण वह्यांत नुसत्या बायांच्या गोष्टी आहेत. त्या मी कशा जोडल्या होत्या, शेवटी काय म्हटलं होतं, ते आता मलाच धड आठवत नाही. सर, तुम्ही ते वाचलंयत. तुमच्याशिवाय कोणीच वाचलेलं नाही. तुम्हाला काय आठवतं ते सांगा, मी लिहिते."

मला सुटता आलं असतं. नागली, म्हाताऱ्या बाया, हरवलेलं बियाणं, दोन-चार मोघम वाक्यं मी सहज बोललो असतो.

"मी वाचलं नव्हतं," मी म्हणालो. "छान आहे म्हणालो, तेव्हाही वाचलं नव्हतं."

वैशालीनं खालच्या फळीवरच्या सातही वह्या काढल्या आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवल्या.

"मग आता वाचा," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाचा आणि मोठ्यानं वाचा, बाबांनाही ऐकू दे. दोन वर्षं मी काय करत होते ते त्यांनीही कधी विचारलं नाही. नुसता संगणक तपासला."

काका दारातून आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मी पहिली वही उघडली.